रोजच्या जुलाबाच्या चूर्णातून कसं सुटावं?

खानापूरकडच्या आमच्या आत्याच्या उशाशी चूर्णाचा डबा असायचा. आधी रात्री अर्धा चमचा, मग एक, शेवटी तीन. एका सकाळी पायात गोळे आले आणि ती अंगणातच बसली, उठता येईना. बेळगावात रक्त तपासलं तर पोटॅशियम, म्हणजे अंगातला एक क्षार, फार खाली गेलेलं. "झाडपाल्याचं औषध ते, त्यानं काय होतंय?" असं ती म्हणायची. आपल्याकडे घरोघरी हेच ऐकू येतं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात डब्यापासून करा. त्यात काय काय आहे ते वाचा. मजकूर कन्नड किंवा इंग्रजीत असून वाचता येत नसेल, तर मेडिकलवाल्याला विचारा. सोनामुखी किंवा बिसाकोडिल (जुलाबाच्या गोळ्यांतलं औषध) आतड्याला ढोसून हलवतं. जास्त झालं की पाण्याबरोबर क्षारही निघून जातात, अंगातलं बळ जातं, हृदयाचे ठोके चुकू लागतात. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी मॅग्नेशियमचं जुलाबाचं औषध आपल्या मनानं घेऊच नये.

खरी गोम पुढे आहे. जोराचा जुलाब झाला की आतडं रिकामं होतं आणि पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्या सकाळी काही होत नाही ते त्यामुळेच. पण माणूस घाबरतो, परत चमचा घेतो आणि अडकतो. आठवड्यातून तीनदा, पण मऊ आणि न कुंथता होत असेल, तर तो बद्धकोष्ठ नव्हे.

डॉक्टरांना चमच्यांचा आकडा खरा सांगा, लाजू नका. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्याही दाखवा, त्यांनीही कोठा जड होतो. मग त्यांच्या सल्ल्यानं चूर्ण हळूहळू उतरवा.

जेवणात जोंधळ्याची भाकरी, पालेभाजी, उकडलेली रताळी असू द्या. रताळी तर आपल्याच शिवारातली. इसबगोल घ्यायचा तर पेलाभर पाण्यातूनच, कोरडा घशात अडकतो. न्याहारीनंतर आतडं आपणहून हलतं, ती वेळ चुकवू नका. कमोड असेल तर पायाखाली पाट घ्या.

शौचातून रक्त, छातीत धडधड, भोवळ, किंवा पोट फुगून उलट्या आणि वारासुद्धा सरत नाही, असं झालं तर लगेच दवाखाना गाठा. अशा वेळी जुलाबाचं काहीही देऊ नका, एरंडेलसुद्धा नाही.