ओल मोजण्याआधी पाण्याची पाळी विचारावी

कृषी पदवी घेऊन किंवा शहरातील संगणकाची नोकरी सोडून शेतीच्या तंत्रज्ञानात काम करू पाहणारे तरुण मला बहुधा दोन प्रश्न विचारतात: कोणती संगणकभाषा शिकावी आणि ड्रोन चालवण्याचा परवाना काढावा का. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण माझ्या पहिल्या दोन वर्षांत माझे काम यांपैकी कशामुळेच अडले नव्हते. सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात, एका छोट्या कंपनीच्या वतीने, उसाच्या रानात जमिनीतील ओल मोजणारे सेन्सर बसवण्याचे काम माझ्याकडे होते, आणि ते अडले पाण्याच्या पाळीमुळे.

सेन्सरकडून ‘पाणी द्या’ असा संदेश गेला की शेतकरी मोटर सुरू करील, असे आमच्या आराखड्यात गृहीत धरलेले होते. प्रत्यक्षात नदीकाठच्या अनेक गावांत पाणी उपसा जलसिंचन संस्थेचे असते. ते ठरलेल्या पाळीने येते आणि कोणाच्या रानात केव्हा सोडायचे हे पाटकरी पाहतो. ज्यांची स्वतःची विहीर आहे त्यांनाही शेतीची थ्री फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी आलटून पालटून मिळते. त्यामुळे मंगळवारी दुपारी गेलेला आमचा संदेश, ज्याची पाळी शनिवारी आहे त्याला, चिडवल्यासारखाच वाटे. एका आजोबांनी मला शांतपणे विचारले, “पाणी द्या म्हणतंय ते खरं हाय, पण द्यायचं कुठनं?” मी त्या दिवशी निरुत्तर झालो. नंतर मी संस्थेच्या कार्यालयात बसून पाळीचे वेळापत्रक वहीत उतरवून घेतले, आणि आमचा सल्ला ‘आज पाणी द्या’ याऐवजी ‘या पाळीला पाणी घेतले नाही तरी चालेल’ अशा स्वरूपात देऊ लागलो. हा सल्ला मात्र लोकांनी ऐकला, कारण तो अमलात आणणे त्यांच्या हातात होते.

जमिनीनेही आम्हाला शिकवले. खोल काळी जमीन वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. भेग सेन्सरच्या दांडीशेजारून गेली की दांडीचा मातीशी संपर्क सुटतो आणि आकडा एकदम कोरडा दिसू लागतो. मुरमाड रानात ठरवलेले प्रमाण येथे लागू पडत नाही. म्हणून आकड्यावर विसंबण्याआधी खुरप्याने वीतभर माती उकरून पाहावी आणि ती मुठीत दाबून पाहावी; मी आजही हेच करतो. भाषेचे तसेच आहे. आमच्या अ‍ॅपवर ‘मृदा आर्द्रता 32 टक्के’ असे लिहिलेले असे, तर शेतकरी ‘वाफसा आलाय का’ असे विचारत असे. वाफसा म्हणजे माती फार ओली नाही आणि फार सुकीही नाही अशी मुळांना हवा व पाणी दोन्ही मिळणारी स्थिती. इतका नेमका शब्द हाताशी असताना आम्ही टक्केवारी का दाखवत होतो, याचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

नवख्यांनी शेजारच्या वारणा खोऱ्याचा इतिहास आवर्जून समजून घ्यावा. तेथे 1998 मध्ये वारणानगर परिसरातील 70 गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. गावोगावी संगणक केंद्रे झाली, परंतु त्यांचा मुख्य वापर उसाची नोंद, वजन, तोड आणि बिल यांच्या माहितीपुरताच राहिला. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरु येथील संशोधकांनी तीच माहिती साध्या मोबाईलवर एसएमएसने देण्याचा प्रयोग काही गावांत केला, आणि त्या कामासाठी संगणकाची गरज नव्हती हे दिसून आले. मला यात अपयश दिसत नाही. गावाने एवढ्या मोठ्या यंत्रणेतून आपल्या उपयोगाचे तेवढे उचलले.

फोन कोणाकडे आहे, ही चौकशी कंटाळवाणी वाटते, पण ती टाळू नये. आमच्या यादीतील कितीतरी क्रमांक पुण्याला किंवा चाकणला नोकरी करणाऱ्या मुलांचे निघाले. रानात आई राबत होती आणि संदेश मुलाला कारखान्याच्या पाळीत मिळत होता. जमिनीच्या कागदाचेही तसेच आहे. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, म्हणजे गाव नमुना 12 मधील (सातबाऱ्याच्या पिकांच्या भागातील) पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून, बांधावरच्या छायाचित्रासह करावी अशी सोय झाली. तथापि, सातबारा अजून आजोबांच्या नावावर आणि कसणारे तीन चुलतभाऊ, अशा सामाईक गटात कोणी किती गुंठ्यांची नोंद करायची हा प्रश्न कोणतेही अ‍ॅप सोडवीत नाही. सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातील सगळ्या जमिनीचा उतारा) वाचता येणे हे मी या क्षेत्रातील पहिले कौशल्य मानतो. क्यूजीआयएस ही नकाशांची मोफत प्रणाली त्यानंतर शिकावी. ती महिन्याभरात जमते.

पहिल्या आठ दिवसांत शेतावर न जाता सकाळ-संध्याकाळ गावच्या दूध संस्थेत उभे राहावे, असे मी नव्या सहकाऱ्यांना सांगतो. तेथे कॅनमधले दूध मोजले जाते, यंत्र समोरच फॅट दाखवते, चिठ्ठी लगेच हाती पडते आणि दहा दिवसांनी त्याच आकड्यांवर बिल निघते. अक्षर न ओळखणाऱ्या मावशीसुद्धा फॅट एक पॉइंट कमी आला तर तिथल्या तिथे भांडतात आणि दूध पुन्हा तपासायला लावतात. आमच्या सेन्सरच्या आकड्याशी मात्र पहिले वर्षभर कोणीही भांडले नव्हते.