शोभेची मिरची ओळखायची तर आधी फूल पाहा

जांभळी, पिवळी, केशरी, लाल फळं एकाच झाडावर दिसली की कुंडीला कुठलंही नाव चिकटवलं जातं. फळाच्या रंगावर जाऊ नका, तो अनेक वाणांत सारखाच असतो.

मुळात ती मिरची आहे का, हे आधी बघा. 'जेरुसलेम चेरी' हे वांग्याच्या वंशातलं विषारी झुडूप हुबेहूब शोभेच्या गोल मिरचीसारखं दिसतं. चाखून बघायचं नाही! फळ कापा. मिरची आत पोकळ असते, जेरुसलेम चेरी मात्र टोमॅटोसारखी गराने भरलेली. चेरीच्या फुलात पिवळे परागकोश एकमेकांना चिकटून सुळका करतात, मिरचीत ते सुटे राहतात.

आता ताजं फूल भिंगाखाली धरा, त्यावरून मिरचीची प्रजाती कळते. पांढऱ्या पाकळ्या आणि पेरावर एकच फूल असेल तर ॲन्युअम ही प्रजाती. बहुतेक शोभेच्या मिरच्या यातल्याच. पाकळीच्या बुडाशी पिवळे-हिरवे ठिपके म्हणजे बॅकाटम. एका पेरावर दोन-तीन फुलं आणि देठ फळाच्या हिरव्या टोपीला जुळतो तिथे आवळलेली कडी दिसली तर चायनेन्स. हिरवट पाकळ्या, उभी फळं आणि पिकल्यावर टोपीतून सहज सुटणारी मिरची म्हणजे फ्रुटेसेन्स. जांभळं फूल दिसलं की लोक प्युबेसेन्स म्हणून मोकळे होतात. पण त्याच्या बिया काळ्या आणि पानं लवदार असतात. बी फिकट पिवळी निघाली तर तो जांभळ्या फुलाचा ॲन्युअमच समजा.

वाण ठरवायला एका कोवळ्या फळाला दोरा बांधा आणि दर चार दिवसांनी फोटो काढा. 'न्यूमेक्स ट्वायलाइट' जांभळ्यावरून पिवळी, केशरी, मग लाल होते, पण पानं हिरवी आणि फुलं पांढरी. 'बोलिव्हियन रेनबो'चे रंगही जवळपास तसेच, मात्र फुलं जांभळी आणि पानांवर जांभळी झाक. काळी पानं, मण्यांसारखी काळी फळं पिकून लाल होत असतील तर बहुधा 'ब्लॅक पर्ल'. हे झाड सावलीत ठेवलं तर पानं हिरवी पडतात आणि ओळख चुकते. रोज सहा तास ऊन देऊन नव्या पालवीचा रंग बघा.

पांढरे पट्टे असलेलं पान सपाट असेल तर तो 'फिश'सारखा चितकबरा वाण असू शकतो. पान आखडलं, शिरा सुजल्या तर तो विषाणू. फुलकिड्यांनी पान वर वळतं, कोळी किडीने (माइट) खाली.

घरच्या बियांपासून आलेल्या रोपाला मूळ वाणाचं नाव देण्याआधी फळ धरू द्या. शेजारच्या मिरचीचा पराग सहज लागतो. बी हवंच असेल तर कळीवर आधीच मलमलची पिशवी बांधा.