‘सध्या काय वाचताय?’ याचं उत्तर देताना या चुका टाळा

बेळगावच्या खडेबाजारात दोन वाचणारी माणसं भेटली की तिसरं वाक्य ठरलेलं: “काय वाचायलास सध्या?” आणि चौथंही ठरलेलं: “हाय की एक पुस्तक. मस्त हाय.” इथे संवाद संपतो. विचारणाऱ्याला काहीच मिळालं नाही. तो ते पुस्तक शोधू शकत नाही, सोबत वाचू शकत नाही, पुढच्या भेटीत त्यावर एक प्रश्नही विचारू शकत नाही.

सध्याचं वाचन सांगताना दोनच गोष्टी कळायला हव्यात: नेमकं कोणतं पुस्तक, आणि तुम्ही त्यात कुठे पोचलाय. मत नंतर. नव्या वाचकांना मात्र मत आधी सांगायची घाई असते. पंधरा पानं वाचून ‘अप्रतिम’ लिहितात आणि सोळाव्या पानावर पुस्तक मिटतात.

नुसतं नाव सांगणं

ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खर्चिक चूक. सीमाभागात तर दुप्पट खर्चिक, कारण इथे एकाच घरात मराठी आणि कन्नड दोन्ही पुस्तकं असतात.

टिळकवाडीतल्या एका वाचनगटात घडलेला किस्सा. गटावर निरोप आला: “ययाति सुरू केलंय, निम्म्यावर आलोय, येताय का सोबत?” सात-आठ जणांनी अंगठे दाखवले आणि वाचायला घेतलं. रविवारी बैठक भरली. एक बाई चित्रलेखेबद्दल बोलायला लागल्या. पुरूची ही बायको कशी ताठ उभी राहते, सासऱ्याला कसं सुनावते, वगैरे. समोरचे चौघे पानं उलटायला लागले. चित्रलेखा सापडेना. एकाला वाटलं आपल्या प्रतीतली पानं गळलीत. दुसऱ्याने “अजून तिथवर पोचलो नाही” म्हणून वेळ मारून नेली. हे गृहस्थ तर अख्खं पुस्तक संपवून आले होते! पाऊण तासाने कुणीतरी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. चौघांच्या हातात वि. स. खांडेकरांची 1959 ची मराठी कादंबरी होती. बाईंचं शिक्षण कन्नडमधून झालेलं, त्यांनी गिरीश कार्नाडांचं 1961 चं कन्नड नाटक वाचलं होतं. पुराणातला राजा एक, नाव एक, पुस्तकं दोन. चित्रलेखा नाटकातली. आणि मूळ निरोप टाकणारे कोणतं वाचत होते? कादंबरी. निरोपात ‘कादंबरी’ एवढा एक शब्द असता तरी बैठक वाचली असती.

हा घोळ एकट्या ‘ययाति’चा नाही. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ कन्नडमध्ये त्याच नावाने आणि उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादातही त्याच नावाने. ‘कर्णावरची कादंबरी’ म्हणालात तर निम्मे लोक शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ काढतात आणि निम्मे रणजित देसाईंची ‘राधेय’. देसाईंचीच ‘स्वामी’ कादंबरी घ्या; नुसतं ‘स्वामी’ वाचतोय म्हणालात तर कुणीतरी हात जोडून “कुठल्या स्वामींचं चरित्र?” असं हमखास विचारतो. देसाईंचं गाव कोवाड इथून तासाभराच्या वाटेवर असूनही!

म्हणून निरोपाची पहिली ओळ नेहमी अशी असावी: नाव, लेखक, प्रकार, भाषा. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव वगळायचं नाही, कारण एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद असतील तर समोरच्याने कोणता आणायचा ते त्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या ओळीत प्रकाशक आणि आवृत्तीचं साल. ही माहिती मुखपृष्ठावर नसते. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते, तिथे बघा. ‘पुनर्मुद्रण’ लिहिलं असेल तर पानं सहसा आधीच्यासारखीच असतात. ‘नवी आवृत्ती’ असेल तर मजकूर नव्याने जुळवलेला असू शकतो आणि पानांचा हिशेब बदलतो. मागच्या कव्हरवर 978 ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, असेल तर तोच पाठवावा, दुकानदार त्यावरून थेट तीच आवृत्ती काढतो. 2007 च्या आधीच्या पुस्तकांवर तो दहा आकडी असतो आणि जुन्या मराठी पुस्तकांवर पुष्कळदा नसतोच.

कन्नड पुस्तकाचं नाव देवनागरीत लिहून दुकानात शोधायला पाठवू नका. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे लिहितात, देवनागरीत आपण दोन्ही एकच लिहितो. नाव बोलायला बरोबर येतं, शोधायला नाही. मुखपृष्ठाचा फोटो टाका.

फोटोचंही एक आहे. वाचनालयाची प्रत असेल तर फोटो निरुपयोगी. बाइंडिंग करून तपकिरी पुठ्ठा चढवलेला असतो, वर फक्त दाखल क्रमांक. त्या पुठ्ठ्याचे फोटो लोक अगदी कौतुकाने पाठवतात. शीर्षकपानाचा काढा ना!

पान नंबरावर विसंबणं

“पान 160 पर्यंत आलोय.” कुणाचं पान 160?

बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासूनचं. अशी जुनी वाचनालयं असलेल्या गावात एकाच कादंबरीच्या तीन पिढ्यांच्या प्रती एकाच वेळी फिरत असतात. समजा जुनी प्रत 320 पानांची आहे आणि नवी, मोठ्या टायपातली, 448 पानांची. जुन्यात पान 160 म्हणजे बरोबर निम्मं. नव्यात पान 160 म्हणजे जेमतेम छत्तीस टक्के, तिथे निम्मं येतं पान 224 वर. मधल्या 64 पानांत लेखक काय काय करून ठेवतो ते सांगायला नको. आणि तिसरा गडी फोनवर वाचत असतो. त्याने अक्षर मोठं केलं की पुस्तकाची पानं वाढतात.

शहापुरातल्या एका गटाने दर रविवारी ऐंशी पानं असं ठरवलं होतं. दुसऱ्या रविवारी जुनी प्रतवाला मोकळेपणाने बोलला, कारण त्याच्या मते सगळे 160 वरच होते. नवी प्रतवाल्या दोघींची कादंबरी तिथेच संपली. भांडण झालं नाही, पण पुढचे दोन रविवार त्या आल्या नाहीत.

पानाऐवजी पुस्तकाची स्वतःची विभागणी वापरा. प्रकरण कितवं, भाग कितवा, कोण बोलतंय. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, शोण असे वेगवेगळे निवेदक आहेत. “शोणाचं निवेदन सुरू आहे” म्हटलं की कोणत्याही प्रतीत जागा सापडते. ‘श्यामची आई’ रात्रींमध्ये विभागलेली, म्हणून “विसावी रात्र झाली” पुरतं. तिथे आणखी एक भानगड आहे. साने गुरुजी 1950 साली गेले. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून 60 वर्षं राहतो, म्हणजे 2011 पासून हे पुस्तक कुणीही छापू शकतो. बाजारात ढीगभर आवृत्त्या आहेत, त्यात संक्षिप्तही. रात्री मोजा. 42 नसतील तर तुमच्या हातात कापलेली प्रत आहे, आणि ते गटाला आधी सांगा.

प्रकरणांना आकडेच नसतील तर टक्के सांगा. चालू पान भागिले एकूण पानं, शाळेतलं गणित आहे. प्रस्तावना आणि परिशिष्ट वजा करून मोजलं तर उत्तम. सत्तर पानांची प्रस्तावना असलेली पुस्तकं आपल्याकडे कमी नाहीत.

पहिल्याच ओळीत गुपित फोडणं

लोक ‘पुढे कथा उघड होते’ असा इशारा देतात, पण तिसऱ्या ओळीत. फोन कुलूपबंद असला तरी निरोपाच्या पहिल्या ओळी पडद्यावर दिसतात. समोरच्याने निरोप उघडायच्या आधीच त्याला कळलेलं असतं की थोरला भाऊ गेला. नंतर ‘सर्वांसाठी डिलीट’ करून काय होणार? इशारा पहिल्या ओळीत, त्याच ओळीत “अमुक प्रकरणापर्यंत” असं नेमकं, आणि मजकूर दुसऱ्या वेगळ्या निरोपात.

गुपित कशाला म्हणायचं यावरही वाद घालतात. कर्ण मरतो हे सांगणं म्हणजे गुपित फोडणं नव्हे, ते आजीने आधीच फोडलंय. पण लेखकाने तो शेवट कुणाच्या तोंडून सांगितलाय, हे सांगणं मात्र फोडणंच.

बाकीच्या, थोडक्यात

‘वाचतोय’, ‘आणलंय’ आणि ‘वाचायचंय’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. संमेलनातून आणलेल्या अकरा पुस्तकांचा ढीग म्हणजे सध्याचं वाचन नव्हे. कडोलीच्या साहित्य संमेलनाच्या मांडवातून परतताना पिशवी जड होणारच, पण आठवडाभर थांबून जे खरंच उघडलं तेवढंच सांगा.

रोमनमध्ये नाव लिहू नका. ‘मृत्युंजय’ सात जण सात तऱ्हांनी लिहितात आणि दोन महिन्यांनी गटात शोधलं तर सापडत नाही. देवनागरी, आणि प्रत्येक वेळी तेच शुद्धलेखन.

चार मिनिटांचा आवाजी निरोप कुणी ऐकत नाही. ऐकलाच तर त्यातलं पुस्तकाचं नाव नेमकं प्रेशर कुकरच्या शिट्टीत गेलेलं असतं.

मागच्या कव्हरवरचा मजकूर टंकून पाठवणं म्हणजे वाचन सांगणं नव्हे. तो प्रकाशकाने लिहिलाय.

“पीडीएफ आहे का?” विचारू नका, आणि टाकूही नका. लेखकाचा हक्क संपला असला तरी अनुवादकाचा वेगळा चालू असू शकतो. तीन जणांत एक प्रत घ्या आणि फिरवा, स्वस्त पडतं.

फिरवताना पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत. खानापूरकडून जुलैत आलेलं पुस्तक मुळापेक्षा पाव इंच जाड असतं. आणि कुंदा (इथली दुधाची मिठाई) खाल्लेलं बोट पानाला लावू नका, तो डाग पुढच्या पंधरा पानांपर्यंत जातो.

पुस्तक अर्धवट सोडलं तर तेही सांगा. बरेच जण इथेच गप्प बसतात, आणि गट दोन महिने त्यांची वाट बघत राहतो. “सोडलं, सहावं प्रकरण, गावाचं वर्णन झेपेना” एवढं पुरे. कुणीतरी हमखास लिहितं, “सातव्यापासून बघ, तिथून पळतं.”

हातोहात द्यायच्या प्रतीत एक चिठ्ठी ठेवायची: नाव, तारीख, कितव्या प्रकरणापर्यंत आलो, पुढे कुणाला द्यायची. पेन्सिलीने लिहा, आणि पानाला टाचणी लावू नका, ती गंजते.