परवा म्हणजे नेमकं कधी? मराठी लेकराचा जबाब कन्नड कागदावर जाताना

मुलगी आठ वर्षांची होती. गाव सांगणार नाही. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 23 नं ओळख फोडायला मनाई केलीय, आणि नसती केली तरी मी सांगितलं नसतं. ओळख पटेल ते सगळं बदललंय, शब्द तेवढे तिचे ठेवलेत. ती म्हणाली होती, “परवा आईनं मला साखर आणाय पाठिवलं, तवा.” लिहून घेणाऱ्यानं कन्नडमध्ये लिहिलं, ‘एरडु दिनगळ हिंदे’, म्हणजे दोन दिवसांपूर्वी, आणि पुढं तारीख टाकली. आता आपल्या घरात ‘परवा’ कधीचाही असतो. गणपतीत झालेलं दिवाळीत सांगतानाही आपण परवाच म्हणतो. कागदावरच्या तारखेला त्या दुकानाला कुलूप होतं, दुकानदार लग्नाला गेलेला. पुढं कोर्टात समोरच्या वकिलांनी त्या एका तारखेला धरून पाऊण तास काढला. लेकरू खोटं बोललं नव्हतं, कागद चुकला होता.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत 31 वर्षं शिकवलं. कन्नड मला शाळेत नव्हे, बाजारात आलं. निवृत्त झाल्यावर दुभाषी म्हणून नाव दिलं, तेव्हापासून बोलावणं आलं की जाते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आई-बापांसाठी हे लिहितेय. मुलाच्या बाबतीत काही वंगाळ घडलं, तर त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत कागदावर कसं न्यायचं, एवढंच.

कायदा कडक करा असं सगळे म्हणतात. 2012 चा पोक्सो कायदा 2019 साली आणखी कडक झालाच की. सगळ्यात गंभीर अत्याचाराला कमीत कमी 20 वर्षं, जास्तीत जास्त फाशी. पण शिक्षा जेवढी मोठी, तेवढा समोरचा वकील एकेक शब्द सोलून काढतो. म्हणून पहिला कागद भक्कम पाहिजे, आणि तो भक्कम करणं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

सुरुवात घरात होते. मूल सांगायला लागलं की हातातलं काम खाली ठेवा आणि ऐका. “त्यानं असंच केलं ना?” असं तोंडात शब्द घालून विचारू नका. मावशी आली की तिला सांग, आजी आली की तिला सांग, असं पाचजणांपुढं वदवून घेऊ नका. दर वेळेला एखादा शब्द इकडचा तिकडं होतो आणि तोच पुढं आडवा येतो. एकदाच ऐका आणि लगेच वहीत मराठीत जसंच्या तसं उतरवा. ‘शूच्या जागी’ म्हणालं तर तेच लिहा, ‘गुप्तांग’ लिहू नका. खाली आपली तारीख, वेळ, समोर कोण होतं ते. दिवस विचारायचाच झाला तर तारीख विचारू नका. शाळा होती का सुट्टी? डेअरीला दूध घालायच्या आधी का नंतर? त्या दिवशी घरात काय केलं होतं? एका पोरानं मला “आई मिरच्या वाळत घालत होती” एवढंच सांगितलं, आणि आईनं तेवढ्यावरून वार काढून दिला.

मोबाईलवर व्हिडिओ काढायचा मोह आवरा. तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जायला वेळ लागत नाही, आणि मग ओळख फोडल्याचा गुन्हा आपल्याच माणसावर.

प्रकार ताजा असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल धरते. कागदात किंवा सुती कापडात गुंडाळा. आंघोळ झाली असली तरी दवाखान्यात न्याच. एफआयआर झाली नसली तरी तपासणी करता येते, आणि तातडीच्या उपचारासाठी आधी पोलिसांचं पत्र आणा असं दवाखान्याला म्हणता येत नाही. मुलगी असेल तर तपासणारी डॉक्टर बाईच पाहिजे, आणि मुलाचा विश्वास असलेलं माणूस शेजारी.

आता कुठल्या पोलिसांकडं? बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर बाची सोडली की शिनोळी येते, आणि मध्ये राज्य बदलतं. मूल आमच्या कर्नाटकाच्या बाजूचं, घडलं महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात आत्याकडं किंवा कागलकडं ऊसतोडीच्या खोपटात, असं असलं की माणसं दोन्हीकडं हेलपाटे घालतात. गरज नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणं कुठंही घडलेल्या गुन्ह्याची माहिती कुठल्याही स्टेशनात द्यायची. त्यांनी ती झिरो एफआयआर म्हणून नोंदवायची आणि पुढं पाठवायची. रात्री-अपरात्री 112, मुलांसाठी 1098. फोन उचलला की आधी गाव, तालुका, जिल्हा आणि राज्य सांगा. राज्य सांगायला आपली माणसं विसरतात. आपण कुठं आहोत यावर आपल्याकडं आयुष्यभर वाद चाललेला असतो, पण फोनवरच्या माणसाला तो ठाऊक नसतो.

तसं बघायला गेलं तर मुलाला स्टेशनात न्यायचीच गरज नाही. पोक्सोचं कलम 24 सांगतं की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला सब-इन्स्पेक्टरनं, आणि अंगावर वर्दी नको. रात्री तर कुठलंही मूल स्टेशनात ठेवून घेता येत नाही. “मॅडम, घरी येऊन घ्या” असं म्हणायला लाजू नका. म्हटलं की बहुतेक येतात. एका मॅडम साध्या चुडीदारात आल्या, पोरीबरोबर चुलीपुढं बसल्या, आणि पहिला अर्धा तास नुसतं मांजराबद्दल बोलल्या. त्यांना मराठी चार वाक्यं यायची, पण तो जबाब मी पाहिलेल्यांतला सगळ्यात चांगला.

भाषेचं म्हणाल, तर पोक्सोच्या कलम 19 मध्येच आहे की मुलाला न कळणाऱ्या भाषेत लिहिलं जात असेल तर दुभाषी द्यायचा. तुमची लेखी तक्रार तुम्ही मराठीत देऊ शकता. घटनेचं कलम 350 राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क देतं. पण एक सांगते, रागवू नका. सीमाप्रश्न स्टेशनच्या पायरीवर चपलांसोबत ठेवून आत जा. मी पण मोर्चात गेलेली बाई आहे. पण एकदा एका मुलाचे काका आत जाऊन भाषेवरून तासभर भांडले, आणि पोरगं बाकावर झोपून गेलं. “साहेब, पोराला कन्नड समजत नाही, दुभाषी पाहिजे, तशी नोंद करा” एवढं एक वाक्य पुरतं. नोंद मात्र झालीच पाहिजे.

दुभाषी कोण नको ते बघा. “मला येतं की मराठी” म्हणणारा हवालदार नको. आरोपीच्या भावकीतला नको. शेजारी नको, कारण पोरगं त्याच्यासमोर अर्धंच बोलतं. आणि सख्खी आईही नको. ती रडत रडत आपल्या मनाचं चार शब्द जास्त सांगते. दुभाष्यानं भर घालायची नसते आणि गाळायचंही नसतं. जिल्हा बाल संरक्षण युनिटकडं दुभाष्यांची यादी ठेवायची असते, तिथून मागवायला सांगा. पाटी कन्नडमध्ये असते, ‘मक्कळ रक्षणा घटक’ असं वाचायचं. ‘मक्कळु’ म्हणजे मुलं.

मग येतो सहीचा क्षण. इथं घाई करू नका, एसटी चुकली तर चुकू दे. तक्रारीवर फिर्यादीची सही घेतात आणि खाली ‘वाचून दाखवलं, बरोबर आहे’ अशा अर्थाची ओळ असते. ते खरोखर वाचून घ्या, एकेक वाक्य, मराठीत सांगत. माझं बोट चार ठिकाणी थांबतं.

पहिलं, नातं. आपली पोरं दुकानदाराला मामा म्हणतात, ड्रायव्हरला मामा, शाळेच्या शिपायाला मामा. कन्नडमध्ये ‘सोदरमाव’ उतरलं की तो आईचा सख्खा भाऊ झाला. एका कागदात मी हे सही व्हायच्या आधी पकडलं, आणि बाहेर झाडाखाली पोरीचा खरा मामाच बसलेला होता, भाचीसाठी कामावर खाडा करून आलेला. नातेवाइकानं केलेला गुन्हा कायद्यात जास्त गंभीर धरतात, तेव्हा ही चूक नुसती शब्दाची राहत नाही. दुसरं, ‘मारलं’. लहान लेकरू दुखलं की ‘मारलं’ म्हणतं. त्याचं ‘होडेद’ झालं की नुसती मारहाण उरते आणि पोक्सोची कलमं लागतच नाहीत. तिसरं, ‘हात लावला’. कुठं आणि कसा, ते मुलाच्या शब्दांत पाहिजे. कपड्यावरून होता म्हणून कोणी गाळायला लागला तर अडवा. जानेवारी 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं कातडीला कातडी लागली नाही म्हणून एका माणसाला पोक्सोच्या लैंगिक हल्ल्याच्या कलमातून सोडलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयानं 18 नोव्हेंबर 2021 ला तो निकाल रद्द केला. कपड्यावरून केलेलाही गुन्हाच. चौथं म्हणजे आपलं ‘परवा’. नक्की तारीख माहीत नसेल तर ‘अमुक आठवड्यात’, ‘सहामाही परीक्षेच्या आधी’ असं लिहायला सांगा. ‘चड्डी’ मात्र दोन्ही भाषांत चड्डीच, तेवढ्याला दुभाषी लागत नाही.

एफआयआरची प्रत फुकट मिळते, घेऊनच उठा. नोंदवूनच घेत नसतील तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा. त्यावरही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो.

पोलिसांनी 24 तासांत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. कळवलं का, ते विचारा. समिती मुलासोबत सहाय्यक व्यक्ती देऊ शकते, ती तपासापासून निकालापर्यंत बरोबर असते. प्रवासाला, कपड्याला, खाण्याला पैसे नसतील तर समिती तातडीची मदत द्यायची शिफारस करू शकते. मागितल्याशिवाय हे कोणी सांगत नाही, म्हणून मागा. नंतर मॅजिस्ट्रेटपुढं जबाब होतो, तिथंही ‘मूल बोललं तसंच’ लिहायचं असं पोक्सोचं कलम 25 आहे. आधीच्या कागदात काही चुकलं असेल तर मुलाला पढवून नेऊ नका. ते बरोबर सांगेल, आपण फक्त दुभाषी आहे ना ते बघायचं. कोर्टात समोरचा वकील थेट मुलाला विचारत नाही, न्यायाधीशांमार्फत विचारतो. आरोपी मुलाच्या नजरेला पडू नये अशी सोय करायची असते. मूल दमलं तर मध्ये थांबवायला सांगता येतं. खटला शक्यतो वर्षात संपवावा असं कायदा म्हणतो, पण डबा आणि धीर दोन्ही जास्तीचे न्या.

मधल्या काळात पंच मंडळी येतील. येतातच. “पोरीचं लगीन व्हायचं हाय, देवळात बसून मिटवू, तो भंडारा उचलाय तयार हाय.” त्यांना चहा द्या आणि सांगा की हा गुन्हा मिटवता येत नाही. माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्या हाताखालच्या माणसाचं झाकणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. आमच्या मुख्याध्यापक मंडळींनी हे दोनदा वाचावं. चांगल्या मनानं माहिती देणाऱ्यावर मात्र कसली जबाबदारी येत नाही.

आणि दोन्ही भाषा येणाऱ्यांनो, तुम्ही. शनिवार खुटावर भाजी घेताना एका वाक्यात तीनदा भाषा बदलणारी माणसं आपल्याकडं पोत्यानं आहेत. दुभाषी व्हायला पदवीच लागते असं नाही. मातृभाषा असेल, प्राथमिक शाळा त्या भाषेतून झाली असेल, किंवा कामामुळं अगर त्या भागात राहून ती आली असेल, तरी नियमात बसतं. नाव, पत्ता, कुठल्या भाषा बोलता-वाचता येतात आणि कशा आल्या, एवढं एका पानावर लिहून जिल्हा बाल संरक्षण युनिटला द्या आणि पोच घ्या. माझे आता गुडघे दुखतात, जांबोटीच्या पुढं बोलावणं आलं की बसच्या पायऱ्या चढवत नाहीत.