लिंबूवर्गीय रंगांना राणी रंगाची जोड देताना

लिंबोणी पिवळा, नारिंगी आणि पोपटी यांच्या जोडीला राणी रंग आला की पोस्टर असो वा संकेतस्थळ, नजर तिकडे वळतेच. अडचण पुढे येते. यातला प्रत्येक रंग लक्ष स्वतःकडे ओढत असल्यामुळे कोणी पुढे राहायचे हे आधी ठरवले नाही, तर मजकूरच वाचायचा राहून जातो. म्हणून या संगतीत रंगांचा उजळपणा आधी तपासावा आणि छटांची आवडनिवड नंतर करावी.

निवडलेले रंग शेजारी शेजारी चौकोनांत भरून ते चित्र कृष्णधवल करून पाहावे. पिवळा जवळजवळ पांढरा होतो, पोपटी आणि नारिंगी मधल्या करड्यात येतात आणि राणी त्यांच्याहून गडद दिसतो. ज्या दोन चौकोनांचे करडे जवळपास सारखे दिसतात, त्यांपैकी एकावर दुसऱ्या रंगात अक्षरे लिहू नयेत. गडद नारिंगीवर राणी रंगाचे शीर्षक रंगीत पडद्यावर झोकदार वाटते, पण २५५, १२०, ० आणि २५५, २०, १४७ या दोन आरजीबी रंगांतील (हे आकडे लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे ० ते २५५ मधले प्रमाण सांगतात) उजळपणाचे गुणोत्तर जेमतेम १.४:१ भरते.

वेबसाठीच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत एए या मधल्या पातळीवर साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ गुणोत्तर लागते. वर दिलेल्या राणी रंगावर पांढरी अक्षरे ३.६ च्या आसपास थांबतात, म्हणजे ती मोठ्या शीर्षकाला चालतील, परिच्छेदाला नाहीत. तोच रंग २००, ०, १०० इतका गडद केला की साधा मजकूरही नियमात बसतो. पिवळ्यावर किंवा नारिंगीवर पांढरी अक्षरे तर टाळावीतच. तिथे काळ्याऐवजी ९०, १०, ५० असा गर्द डाळिंबी घ्यावा, कारण तो राणीच्याच कुळातला असल्यामुळे परका वाटत नाही आणि २५५, १६५, ० या नारिंगीवरही जवळजवळ ७:१ गुणोत्तर देतो. माझ्या मते हा पाचवा, गडद रंगच संपूर्ण मांडणीला आधार देतो, आणि नेमका तोच निवडायचा राहून जातो.

प्रमाणासाठी ६०-३०-१० हा रूढ आडाखा पुरेसा आहे, मात्र ६० टक्के जागा पांढऱ्या, मलईसारख्या किंवा अगदी फिक्या गुलाबी रंगाला द्यावी, ३० टक्के एका मुख्य रंगाला आणि उरलेली १० टक्के बाकीच्यांना. पोपटी आणि राणी हे रंगचक्रावर जवळपास समोरासमोर येत असल्यामुळे ते एकमेकांना खेटले की कडा थरथरल्यासारख्या भासतात. दोघांमध्ये पांढरी पट्टी किंवा थोडी मोकळी जागा ठेवली की हा त्रास बराच कमी होतो.

एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणारी ग्रेडियंट पार्श्वभूमी करायची असेल, तर राणीतून थेट पोपटीत जाऊ नये. २५५, २०, १४७ आणि १७०, २२०, ४० यांचा मध्य साधारण २१२, १२०, ९४ येतो, म्हणजे चक्क मळकट विटकरी. मध्ये नारिंगी आणि पिवळ्याचे टप्पे घातले की रंग शेवटपर्यंत उजळ राहतो.

छपाईचा हिशेब वेगळा असतो. पडद्यावरचा झगझगीत पोपटी, नारिंगी आणि राणी सीएमवायकेच्या, म्हणजे निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाईंत तितका तेजस्वी उमटत नाही. पिवळा मात्र बऱ्यापैकी टिकतो, कारण ती शाई मुळात त्या चारांपैकीच एक असते. त्यामुळे छापील कामाची फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये पाहावी आणि एखादा रंग अत्यंत महत्त्वाचा असल्यास त्याच्यासाठी स्वतंत्र स्पॉट शाई, म्हणजे आधीच त्या रंगाची मिसळून तयार केलेली शाई, घ्यावी. पँटोन या क्रमांकवार रंगपद्धतीतल्या ८०६ सारखी फ्लोरोसंट गुलाबी शाई डोळ्यांत भरते खरी, पण फ्लोरोसंट शाया उन्हात लवकर फिक्या पडत असल्यामुळे बाहेर लावायच्या फलकासाठी त्या निवडू नयेत.