गाडीत रस्ता दाखवणारा घरगुती कॉम्प्युटर बसवताय? मग या चुका टाळा

"घरी टेबलावर झकास चालतो हो, गाडीत लावला की पाय लंगडतो." रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर, गाडीत नकाशासाठी बसवणाऱ्यांचं हे वाक्य ऐकून कान किटलेत. पॉवर कुठून घेतली विचारलं की उत्तर ठरलेलं, लायटर सॉकेटात मोबाईलचा चार्जर. अरे बाबांनो, पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, वर स्क्रीन पण त्यावरच, चार्जर मान टाकणारच. स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकली म्हणजे व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलंय. ते चिन्ह सेटिंगमधून लपवणारे महाभागही पाहिलेत.

दुसरी चूक मी स्वतः केलीय. पावसाळ्यात ताम्हिणीतून कोकणात निघालो होतो, घाटात रेंज नसते म्हणूनच तर नॅव्हिट हे रस्ता दाखवणारं सॉफ्टवेअर आणि ओपनस्ट्रीटमॅपचा ऑफलाइन नकाशा असा सगळा खटाटोप, आणि शेजारी बसलेल्या मेव्हण्यासमोर मिरवणं चालूच. माणगावला चहाला थांबलो, चावी फिरवली, गाडी बंद. परत स्टार्ट केली तर काळ्या पडद्यावर कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिम सुरूच होईना! पायच्या मेमरी कार्डावर काहीतरी लिहिलं जात असतानाच पॉवर गेली आणि फाइल सिस्टिम खलास. मेव्हणा शांतपणे म्हणाला, "दाजी, टपरीवर रस्ता विचारून येऊ का?" अजून लग्नकार्यात हा विषय निघतो.

तेव्हापासून १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर कायम चालू असणाऱ्या १२ व्होल्टच्या वायरवर, बॅटरीजवळ फ्यूज टाकून. चावी फिरवल्यावरच चालू होणारी एसीसी वायर फक्त पायला निरोप द्यायला. चावी बंद झाली की पाय स्वतः शटडाउन होतो आणि मिनिटभराने टायमर रिले पॉवर तोडतो, नाहीतर आठवड्याने गाडीला धक्का मारायची वेळ येते. एसीसी थेट पायच्या जीपीआयओ पिनला (सिग्नल घेणारी पिन) जोडू नका, ती ३.३ व्होल्टची, मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पुढे देऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा भाग) हवाच. एवढं झेपत नसेल तर रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगमधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही, मात्र मग सेव्ह केलेली ठिकाणं रीबूटला पुसली जातात, ती पेनड्राइव्हवर ठेवा. आणि स्वस्तातल्या एलएम२५९६ कन्व्हर्टर मॉड्यूलवर ३ अँपिअर लिहिलेलं असलं तरी २ च्या पुढे ते चांगलंच तापतं, मी घेत नाही.

जीपीएस फिक्स मिळत नाही, म्हणजे गाडी कुठे आहे ते कळत नाही? अँटेना पत्र्याखाली लपवू नका, तिला काचेतून आकाश दिसू द्या. निओ-६एम या जीपीएस मॉड्यूलला मोकळ्यावर कोल्ड स्टार्टला (आधीची काही माहिती नसताना सुरू होताना) अर्धा मिनिट तरी लागतं, गाडीत त्याहून जास्त, आणि लोक दहा सेकंदांत मॉड्यूल खराब म्हणून परत पाठवतात. थांबा की जरा! तरीही काही नाही तर टीएक्स-आरएक्स (डेटा पाठवणारी आणि घेणारी वायर) उलटे जोडलेत का बघा आणि जीपीएस ज्या सीरियल पोर्टला जोडलाय त्यावरचा पायचा लॉगिन कन्सोल बंद करा.

नकाशा नॅव्हिटला चालेल अशा स्वरूपात लॅपटॉपवरच कन्व्हर्ट करा, पायला त्या कामाला जुंपू नका.

पत्ता गाडी थांबवून टाका.

पायचा डबा सीटखाली ठेवा, डॅशवर नको. ८० अंशांना तो स्वतःहून वेग कमी करतो आणि नकाशा अडखळायला लागतो, मग सॉफ्टवेअरला शिव्या. मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग एकदा धरून बघा.