मॅक्सिमिलियन सांगायचा तर कर्जाच्या वहीपासून

मेक्सिकोच्या मॅक्सिमिलियन बादशहावर तासभर बोलायचं असेल तर सुरुवात गोळीबारानं करू नका. सगळे तिथूनच करतात. देखणा राजपुत्र बंदुकांसमोर उभा राहिला की श्रोते हळहळतात आणि 'हा मुळात तिथं गेलाच कशाला' हे विचारायचं राहून जातं. मी शाळेत इतिहास शिकवला, आता ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या आमच्या मराठी मंडळात बोलते. माझं ऐकाल तर आधी कर्जाची वही उघडा.

यादवी युद्धानं खजिन्यात खडखडाट होता, म्हणून १८६१च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेझ यांनी परकीय कर्जाची फेड दोन वर्षं थांबवली. इंग्लंड, फ्रान्स आणि स्पेननं वसुलीसाठी फौजा धाडल्या. पहिल्या वर्षातच इंग्रज आणि स्पॅनिश माघारी फिरले. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन मात्र हटला नाही. त्याला तिथं आपल्या मुठीतलं राज्य हवं होतं. ५ मे १८६२ला पुएब्लात फ्रेंचांनी मार खाल्ला, पुढच्या वर्षी राजधानी घेतली. लढाया एवढ्यात उरका, सेनापतींची नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

थांबायचं ते मिरामारला. आजच्या इटलीतल्या ट्रिएस्टजवळ समुद्रकाठी मॅक्सिमिलियनचा वाडा होता. ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा हा धाकटा भाऊ. १० एप्रिल १८६४ला त्यानं तिथं मुकुट स्वीकारला आणि फ्रान्सशी तहही केला. तहाचे आकडे फळ्यावर लिहाच. मोहिमेचा तोवरचा खर्च २७ कोटी फ्रँक, तो मेक्सिकोच्या माथी. पुढं दर फ्रेंच शिपायामागे वर्षाला १,००० फ्रँक. कर्ज फेडत नाही म्हणून ज्याच्यावर स्वारी केली, त्यानंच स्वारीचाही खर्च भरायचा! आपल्या लोकांना हे फोडून सांगावं लागत नाही. वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावानं तैनाती फौजेसाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला, हे शाळेपासून डोक्यात असतं.

इथं कुणीतरी जयाजीराव शिंद्यांचं नाव काढणारच. १८५८च्या जूनमध्ये तात्या टोपे आणि राणी लक्ष्मीबाईंनी ग्वाल्हेर घेतलं, महाराज आग्र्याला गेले आणि ह्यू रोजच्या फौजेबरोबर परतले. तुलना टाळू नका, पण फरकही लगेच सांगा. शिंद्यांची गादी पिढ्यान्‌पिढ्यांची, मागे सरदार, जहागिरी. मॅक्सिमिलियनच्या मागे फ्रेंचांच्या छायेत भरलेल्या सभेचं निमंत्रण आणि फ्रेंच संगिनी. (समोर सरदार घराण्यातलं कुणी बसलं असेल तर आवाज जरा उतरवा, वाक्य बदलू नका.)

त्याला बावळट ठरवून हशा मिळवणं सोपं आहे. तसं करू नका. चर्चच्या जमिनी काढून घेणारे हुआरेझ यांचे कायदे त्यानं कायम ठेवले, त्यामुळे ज्या सनातन्यांनी त्याला बोलावलं तेच बिथरले. सुधारकांना त्यांचा राष्ट्राध्यक्ष होताच. कर्जापायी मजुराला बांधून ठेवायच्या प्रथेवर त्यानं घाव घातला, नाहुआट्ल या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत फर्मानं काढली. त्याच हातानं ३ ऑक्टोबर १८६५चं फर्मानही निघालं: हत्यारी टोळीतला माणूस सापडला की चोवीस तासांत मृत्युदंड, आणि हुआरेझ यांचे लढवय्येही त्यातच धरले. हे गाळलंत तर हुआरेझ यांनी त्याला माफ का केलं नाही, ते कुणाला कळणार नाही.

शेवटाकडे भराभर या. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, वॉशिंग्टननं डोळे वटारले, नेपोलियननं फौज परत बोलावली. बायको कार्लोटा मदत मागायला पॅरिस आणि रोमला गेली, तिथं तिचं मानसिक संतुलन ढळलं. ती १९२७ साली वारली. केरेतारो शहराला हुआरेझ यांच्या फौजेनं घातलेल्या वेढ्यात मॅक्सिमिलियन सापडला आणि १९ जून १८६७ला मिरामोन आणि मेहिया या दोन सेनापतींसह त्याला गोळ्या घातल्या. ज्या नोव्हारा जहाजानं त्याला नेलं, त्यावरूनच त्याचं शव परत आलं. हेच जहाज जगप्रदक्षिणेत १८५८ साली मद्रासला येऊन गेलं होतं, हे सांगितलंत की मागच्या रांगाही सावरून बसतात.

पडद्याची सोय असेल तर मग एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं या गोळीबाराचं चित्र दाखवा, जर्मनीत मानहाइमला आहे ते. गोळ्या झाडणाऱ्यांचे गणवेश फ्रेंच सैनिकांसारखे आहेत. मेक्सिकन शिपायांना ते का चढवले, हे श्रोत्यांनाच विचारा. कुणी बोललं नाही तर फळ्यावरच्या २७ कोटींकडे बोट दाखवा, आणि याच विषयावरचं मानेचं शिळाछाप चित्र पॅरिसमध्ये छापू दिलं नव्हतं, हेही सांगून टाका.